गढी पाडली तेव्हा तो दहा वर्षांचा होता: संत फ्रान्सिस झेवियरचं बालपण आणि शिक्षण

निर्मळची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज घरात जरा शांतता आहे म्हणून बसलेय. लांबेल, सांभाळून घ्या.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही वसईहून जुन्या गोव्याला गेलो होतो, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला. दहा वर्षांनी एकदा येतं त्यामुळे गर्दी किती ते सांगायला नको. पहाटेपासून रांगेत उभे, आणि सी कॅथेड्रलमध्ये काचेच्या पेटीसमोर पोचल्यावर जेमतेम दोन-तीन सेकंद मिळाले. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. बाहेर आल्यावर कोकम सरबताचा ग्लास हातात धरून तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "मम्मी, हा माझ्याएवढा होता तेव्हा कुठे होता?"

मला सांगता आलं नाही. मी गेली चौदा वर्षं आमच्या धर्मग्रामात धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, आणि मला ६ मे १५४२ ला तो गोव्यात उतरला तिथपासूनचं सगळं तोंडपाठ होतं, घंटा वाजवत गल्लीतून पोरं गोळा करायचा ते, मलाक्का, जपान, ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला ते. पण त्याआधीची छत्तीस वर्षं? काही नाही. "उच्च कुळात जन्म झाला, पॅरिसला शिक्षण झालं" एवढं एक वाक्य, आणि तेच वाक्य मी मुलांना सांगत आले.

मग वर्षभर मिळेल ते वाचलं. आणि माझं मत असं झालंय की ते "उच्च कुळात" म्हणतो ना आपण, ते अर्धंच खरं आहे. तो उच्च कुळात जन्मला पण वाढला ते कूळ मातीला मिळताना बघत. त्याचं शिकणं समजायचं तर आधी ते समजायला हवं.

जन्म ७ एप्रिल १५०६. जागा झेवियर, नवारा राज्यात. आज हा भाग स्पेनमध्ये येतो पण तेव्हा नवारा म्हणजे स्पेन आणि फ्रान्स या दोघांच्या मध्ये अडकलेलं एक छोटं स्वतंत्र राज्य. वडील हुआन दे यासू, इटलीतल्या बोलोन्याला जाऊन कायद्याची डॉक्टरेट घेतलेले, नवाराच्या राजाच्या परिषदेचे अध्यक्ष. आई मारिया दे आस्पिलिक्वेता, आणि गढी ही आईकडून आलेली, वडिलांची नव्हे. पाच भावंडं, मागदालेना, आना, मिगेल, हुआन आणि सगळ्यात धाकटा फ्रान्सिस. मोठी बहीण मागदालेना राणी इसाबेलाच्या दरबारात होती, ते सोडून गांदियाच्या क्लॅरिस्ट (संत क्लाराच्या पंथातल्या जोगिणींच्या) मठात गेली आणि पुढे तिथली मठाध्यक्षा झाली.

आता वर्षं बघा. १५१२ ला अरागॉनचा राजा फर्डिनांड नवारावर सैन्य पाठवतो, त्याचा सेनापती आल्बाचा ड्यूक नवाराची राजधानी पाम्प्लोना घेतो, राज्य जातं. फ्रान्सिस सहा वर्षांचा. १५१५ ला वडील जातात. तो नऊ वर्षांचा. १५१६ ला जुन्या राजाला परत आणायचा उठाव होतो, फसतो, आणि कार्डिनल सिस्नेरोस, जे तेव्हा कारभार बघत होते, नवारातले किल्ले पाडायचा हुकूम काढतात. झेवियरची गढी त्यात आली. बाहेरची तटबंदी पाडली, खंदक बुजवला, मधला मोठा बुरूज अर्ध्यावर आणला. राहायच्या खोल्या तेवढ्या सोडल्या.

तेव्हा तो दहा वर्षांचा होता. माझ्या मुलाएवढा. म्हणजे प्रश्नाचं उत्तर हे होतं, आणि ते मला रांगेत उभी असताना माहीत नव्हतं.

पुढचं नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

मंजिरी_वाचते

वाचतेय ताई, खूप सुंदर सुरुवात. मी ख्रिस्ती नाही, पण शाळा सिस्टरांची होती आणि ३ डिसेंबरला कार्यक्रम असायचा, त्यात तुम्ही म्हणता तेच एक वाक्य असायचं.

एक विचारू का, झेवियर हे आडनाव आहे की गावाचं नाव? वडील यासू, आई आस्पिलिक्वेता, मग हा झेवियर कसा?

निर्मळची_लेक

मंजिरीताई, गावाचं आणि गढीचं. त्यांच्याकडे भावंडं वेगवेगळी घराणी लावत. मोठा मिगेल गढीचा वारस म्हणून झेवियर लावायचा, मधला हुआन आईचं आस्पिलिक्वेता लावायचा. फ्रान्सिसनं झेवियर लावलं.

आणि शब्द बास्क भाषेतला आहे. मूळ एत्शेबेर्री, एत्शे म्हणजे घर आणि बेर्री म्हणजे नवं. नवं घर. वसईकरांना सांगायला नको, आपलं नवघर! मी वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते, कारण त्यातली निम्मी रोज नवघरवरूनच येतात.

मंजिरी_वाचते

अरे वा! म्हणजे घरात बास्क बोलायचे?

इब्रोकाठी

मी यात थोडं लिहितो. मी मूळचा साताऱ्याचा, सात वर्षं झाली सारागोसाला आहे, झेवियर इथून गाडीनं दीड-दोन तासांवर. दोनदा जाऊन आलोय.

बास्क ही त्याची मायबोली होती असं तो स्वतःच लिहून गेलाय. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळी लोकांत काम करताना त्यानं १५४४ च्या जानेवारीत कोचीनहून पत्र लिहिलं, त्यात आहे की ते माझं समजत नव्हते नि मी त्यांचं, कारण त्यांची भाषा मलबारी (म्हणजे तमिळ) आणि माझी बिस्काईची, म्हणजे बास्क. पॅरिसला अकरा वर्षं लॅटिनमध्ये घालवलेला माणूस, पोर्तुगीज बोलणाऱ्यांत राहणारा, पण "माझी भाषा" म्हटलं की बास्क. मला परदेशात राहून हे फार आतून कळतं.

गढीबद्दल. आज बुरूज पूर्ण दिसतो पण तो नंतर पुन्हा उभा केलेला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डागडुजी सुरू झाली आणि विसाव्यातही चालू होती. बाजूला मोठं बासिलिका आहे तेही त्याच काळातलं. पण आत एक छोटं कपेल (प्रार्थनाघर) आहे ते जुनं. अक्रोडाच्या लाकडाचा क्रुसावरचा ख्रिस्त, जवळजवळ माणसाएवढा, आणि तो हसतोय. म्हणजे दात काढून नव्हे, ओठांच्या कोपऱ्यात जरासं. भोवतीच्या भिंतींवर सांगाडे नाचताहेत, मृत्यूचा नाच, काळ्या-पांढऱ्या रंगात. असं भित्तिचित्र अख्ख्या स्पेनमध्ये दुर्मीळ आहे म्हणतात. कपेल इतकं लहान की पाच-सहा माणसं उभी राहिली की भरलं. मी तिथं उभा होतो तेव्हा हाच विचार आला, की हे पोर रोज संध्याकाळी आईबरोबर इथं गुडघे टेकत असणार, समोर हसणारा ख्रिस्त आणि कडेनं नाचणारे सांगाडे, सहा वर्षांच्या डोळ्यांनी ते कसं दिसत असेल.

अवांतर: ३ डिसेंबरला इथं नवाराचा प्रादेशिक दिवस असतो, सरकारी सुट्टी. आणि मार्चमध्ये हजारो लोक पाम्प्लोनाहून आणि आजूबाजूच्या गावांतून चालत झेवियरला येतात, आपल्या वारीसारखे, पाठीवर पिशव्या, रात्रभर चालणं. त्याला हाविएरादा म्हणतात.

गणिताचा_मास्तर

उत्तम धागा. मला शाळेबद्दल जाणून घ्यायचंय. दहाव्या वर्षी घर पडलं, वडील नाहीत, तर मग याला शिकवलं कोणी? त्या आडगावात शाळा होती का?

निर्मळची_लेक

आले परत. मास्तरकाका, शाळा अशी नव्हती. पण गढीशेजारी सांता मारियाचं छोटं देऊळ होतं, तिथंच त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि वडिलांनी हयात असताना तिथं काही धर्मगुरूंची सोय लावून दिली होती, त्यांनी एकत्र राहायचं, वेळेवर प्रार्थना म्हणायच्या, अशा नियमांसकट. नात्यातलेच धर्मगुरू. लॅटिनची बाराखडी त्यांच्याकडेच झाली असणार, त्या काळात गावाकडे दुसरी सोय नव्हतीच.

आणि घराण्यात विद्या होती. वडील डॉक्टर, आणि आईकडच्या नात्यातले मार्टिन दे आस्पिलिक्वेता तर पुढे सालामांका आणि कोईंब्राला प्राध्यापक झाले, युरोपभर "डॉक्टर नवारस" म्हणून ओळखले जायचे. घरात तलवार आणि पुस्तक दोन्ही होतं. मोठे दोघे भाऊ तलवारीकडे गेले. धाकटा पुस्तकाकडे.

भावांचं ऐका. १५२१ ला फ्रेंच सैन्याच्या मदतीनं नवारा परत घ्यायचा मोठा प्रयत्न झाला, मिगेल आणि हुआन दोघे त्यात होते. पाम्प्लोनाचा किल्ला घेताना २० मे १५२१ ला समोरच्या बाजूनं लढणाऱ्या एका बास्क सरदाराच्या पायाला तोफेचा गोळा लागला. तो सरदार म्हणजे इग्नेशियस लोयोला, ज्यानं पुढे जेझुइट संघ काढला तो. म्हणजे झेवियरचे सख्खे भाऊ ज्या फौजेत होते त्याच फौजेच्या गोळ्यानं इग्नेशियसचा पाय मोडला, आणि पुढे आठ वर्षांनी हा इग्नेशियस आणि तो धाकटा भाऊ एकाच खोलीत राहणार होते. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि थोडा वेळ अंगणात जाऊन बसले.

तो उठावही फसला. भाऊ तीन वर्षं लढत राहिले, शेवटी १५२४ ला फुएंतेराबियाचा किल्ला पडल्यावर स्पेनचा राजा चार्ल्स बादशहानं माफी दिली आणि ते घरी आले. तोवर घरी एकटी आई, आणि हा. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्यानं आईला कर्जं, थकलेली येणी, जमिनीचे वाद यांच्याशी झगडताना पाहिलं. गढीच्या कुरणातून मेंढ्यांचे कळप जायचे त्यांच्याकडून वसुलीचा हक्क होता, पण तट पाडलेल्या घराला कोण विचारतो. आपल्याकडेही बघितलंय ना, जुना वाडा असतो, नाव असतं, आणि कूळकायद्यात जमिनी गेल्यावर ताठ मानेनं पण रिकाम्या हातानं बसलेली माणसं.

म्हणून भाऊ परतल्यावर लगेच पुढच्या वर्षी, १५२५ ला, एकोणिसाव्या वर्षी हा पॅरिसला निघतो. सालामांका जवळ होतं. पण पॅरिस म्हणजे चार्ल्सच्या शत्रूची राजधानी, नवाराच्या जुन्या राजघराण्याच्या बाजूची. आणि हेतू अगदी साधा होता, शिकायचं, पदवी घ्यायची, पाम्प्लोनाच्या कॅथेड्रलमध्ये मानाची आणि उत्पन्नाची जागा मिळवायची, घराचं नाव परत उभं करायचं. कुठल्याही घरातल्या धाकट्या हुशार मुलावर ठेवतात तेवढीच अपेक्षा.

हॉस्टेल_बी_बारा

निर्मळताई, हे शेवटचं वाचून गलबललं. आमच्या घरी बाबांची गिरणी बंद पडली आणि मला इंजिनिअरिंगला पाठवलं तेव्हा हेच होतं डोक्यात, सगळ्यांच्या.

पॅरिसच्या हॉस्टेलबद्दल लिहा ना. तुम्ही म्हणालात एकाच खोलीत.

गणिताचा_मास्तर

थांबा, त्या काळच्या पॅरिसच्या कॉलेजांबद्दल मी वाचलंय, मी लिहितो, ताई भर घालतील.

कॉलेजं म्हणजे वसतिगृह आणि वर्ग एकत्र. झेवियर गेला ते सँत बार्ब, लॅटिन क्वार्टरमधल्या टेकडीवर. समोर अरुंद चिखलाच्या गल्लीपलीकडे माँतेग्यू कॉलेज, त्याचं जेवण आणि उवा युरोपात बदनाम. गल्लीचं नावच कुत्र्यांची गल्ली. पहाटे चारला घंटा. पाचला पहिला तास. मुलं बाकावर नव्हे, जमिनीवर, थंडीत खाली पेंढा पसरलेला. मास्तर उंच आसनावर. वर्गात काय आणि अंगणात काय, लॅटिनशिवाय दुसरं बोलायचं नाही आणि छडी सर्रास. एम.ए. ला साडेतीन वर्षांचा क्रम, त्यात आधी तर्कशास्त्राची प्रवेशिका, मग ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र, मग त्याचं निसर्गशास्त्र वगैरे. पाठांतरापेक्षा वादविवादावर भर, उभं करून प्रश्न विचारायचे आणि तुम्ही बाजू लढवायची. मी ३४ वर्षं मुलांना शिकवलं, मला यातलं पहाटेचं आणि छडीचं काही पटत नाही, पण रोज उभं राहून आपलं म्हणणं सिद्ध करायची सवय, ती मात्र आपण घालवली याचं दुःख वाटतं.

आणखी एक. सँत बार्बचे प्रमुख दिओगो दे गूव्हेया हे पोर्तुगीज होते. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन त्या कॉलेजात आपल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या देत होता. पुढे याच गूव्हेयांनी राजाला कळवलं की माझ्याकडे शिकलेली ही माणसं भारतात पाठवण्याजोगी आहेत. म्हणजे गोव्याची वाट त्या कॉलेजच्या ऑफिसातून निघते.

निर्मळची_लेक

काका, शतशः आभार. मला हे पेंढ्याचं माहीत नव्हतं.

आता खोली. शिक्षक हुआन दे ला पेन्या, आणि त्यांच्या खोलीत दोन विद्यार्थी. एक झेवियर. दुसरा पिएर फाव्र, आपण पीटर फेबर म्हणतो. हा साव्हॉयच्या डोंगरातला मेंढपाळाचा मुलगा, लहानपणी स्वतः मेंढ्या राखलेला, आणि शाळेत जायचंय म्हणून रडून रडून आईबापांना शाळेत घालायला लावलेला. जन्म १३ एप्रिल १५०६. म्हणजे झेवियरपेक्षा फक्त सहा दिवसांनी धाकटा! एकाच्या घरी मेंढ्यांच्या कळपांकडून वसुली करायचा हक्क, दुसरा मेंढ्या हाकणारा, आणि दोघे एकाच मास्तरांच्या खोलीत एकच ॲरिस्टॉटल घोकताहेत. १५३० च्या मार्चमध्ये दोघांना पदवीही बरोबरच मिळाली. मला वाटतं झेवियरचं खरं शिक्षण इथं सुरू झालं. फेबरनं त्याला उपदेश वगैरे काही केला नाही, तो फक्त होता तिथं. शांत, प्रेमळ, अभ्यासात पक्का.

झेवियर मात्र वेगळा होता. देखणा, खर्चिक, बोलका, खेळात पुढे. उंच उडीत विद्यार्थ्यांत त्याचं नाव होतं. घरून पैसे पुरत नसत तरी मिगेल नावाचा एक गरीब विद्यार्थी नोकर म्हणून ठेवलेला, सरदाराच्या मुलाला नोकर हवाच ना. आणि वाईट संगतही होती. नंतर मैलापूरला (आजच्या चेन्नईत) ज्या व्हिकारच्या, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूच्या घरी तो राहिला त्याला त्यानं सांगितलं होतं की आमचा एक शिक्षकच मुलांना रात्री भिंतीवरून बाहेर न्यायचा, वाईट वस्तीत, आणि त्याच्या अंगावर उठलेल्या जखमा बघून मी घाबरलो म्हणून वाचलो. हे मी लहान मुलांना सांगत नाही, पण आठवी-नववीच्या मुलांना सांगते. ती एकदम सावरून बसतात. त्यांना कळतं की हा माणूस आपल्यासारख्याच भीतीनं वाचलेला आहे.

१५२९ ला आई गेली. तो घरी नव्हता. आणि त्याच वर्षी खोलीत तिसरा आला, इग्नेशियस. अडतीस वर्षांचा, लंगडत चालणारा, तेवीस वर्षांच्या पोरांत बसून तर्कशास्त्र शिकणारा. फेबर त्याची शिकवणी घ्यायचा. झेवियरला तो आवडला नाही. कसा आवडेल, भावांच्या विरुद्ध बाजूनं लढलेला माणूस, आणि आता भीक मागून शिकतोय.

परंपरा सांगते की इग्नेशियस त्याला शुभवर्तमानातलं तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचा, माणसानं सगळं जग मिळवलं आणि आपला जीव गमावला तर त्याला काय लाभ. पण नुसत्या वाक्यानं काही झालं नाही हो. झेवियर तेव्हा बोव्हे कॉलेजात ॲरिस्टॉटल शिकवायला लागला होता, इग्नेशियस त्याच्या वर्गाला विद्यार्थी गोळा करून द्यायचा, पैसे संपले की पैसे मिळवून द्यायचा. हे झेवियरनं स्वतः भावाला लिहिलंय, २५ मार्च १५३५ चं पत्र, की या माणसानं पैशानं आणि मित्रांकरवी मला किती मदत केली ते मी फेडू शकत नाही, आणि वाईट संगतीतून यानंच मला वाचवलं. ते पत्र घेऊन भावाकडे कोण गेलं? इग्नेशियसच. नवाराच्या बाजूनं लढलेल्या हुआनच्या घरी, झेवियरचं पत्र घेऊन. इग्नेशियस म्हणायचा असं सांगतात की मी जेवढी पिठं मळली त्यात झेवियर हे सगळ्यात चिवट पीठ. आमच्याकडे तांदळाच्या भाकरीची उकड काढतात ती ज्यांनी मळलीय त्यांना हे वाक्य हाताला कळेल.

मागचा_बाक

वाचनखूण साठवली. फार दिवसांनी असा धागा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

बार्देसकर

धागा मनापासून वाचला, ताई, तुमची तळमळ दिसतेय. तरीही माझ्या मनातलं लिहितो, राग मानू नका.

आमचं मूळ घर बार्देसचं, पिढ्यांपूर्वी सावंतवाडीला आलो. गोव्यात देवळं पाडली गेली, मंगेशीसारखा देव कुठ्ठाळीहून प्रियोळला न्यावा लागला, हे आम्ही आजीकडून ऐकत वाढलो. झेवियरनंच १५४६ ला पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, मागितलं होतं. ते १५६० ला आलं, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, पण मागणी त्याची होती. माझा प्रश्न रागाचा नाही, खरंच पडलेला आहे. दहाव्या वर्षी ज्यानं आपल्या घराचा तट राजाच्या हुकमानं पाडताना बघितला, त्याला दुसऱ्यांच्या घराचं, देवळाचं दुःख का दिसलं नाही?

निर्मळची_लेक

दादा, राग अजिबात नाही. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस मी उत्तर दिलं नाही कारण घाईनं द्यायचं नव्हतं.

पत्र खरं आहे, मी ते नाकारणार नाही. वर्गातल्या मोठ्या मुलांना मी आता तेही सांगते, कारण त्यांना कॉलेजात कोणीतरी सांगणारच आहे, तर आधी माझ्याकडून कळू दे. मला जे समजतं ते एवढंच, की पॅरिसला त्याला जे शिकवलं त्यात एक भिंत होती. त्याच वर्षांत पॅरिसला पाखंडी म्हणून माणसं जाळली जात होती, विद्यापीठ त्यात सामील होतं, त्याच्या त्या भावाला लिहिलेल्या पत्रातही तो म्हणतो की वरून चांगल्या दिसणाऱ्या पण आतून पाखंडी लोकांपासून इग्नेशियसनं मला दूर ठेवलं. त्याच्या शिक्षणानं त्याला गरिबाच्या शेजारी झोपायला शिकवलं, वैऱ्याला मित्र करायला शिकवलं, पण दुसऱ्याच्या श्रद्धेपुढे थांबायला नाही शिकवलं. हे म्हणजे त्याची बाजू घेणं नव्हे. तुमच्या आजीचं दुःख खरं आहे आणि माझी भक्तीही खरी आहे, मी दोन्ही धरून बसलेय.

बार्देसकर

ताई, हे उत्तर मला पुरलं. धन्यवाद. आणि वैऱ्याला मित्र करण्याची ती खोलीची गोष्ट मी आज माझ्या मुलीला सांगितली.

मंजिरी_वाचते

दोघांचेही आभार. असं बोलता आलं पाहिजे.

ताई, ती मोठी बहीण, मागदालेना, तिचं पुढे काय झालं?

निर्मळची_लेक

मागदालेना १५३३ च्या जानेवारीत गांदियाला वारली. जुन्या चरित्रांत अशी आठवण येते की पैसे पुरेनात म्हणून याला पॅरिसहून परत बोलवायचं घरात चाललं होतं तेव्हा तिनं मठातून निरोप धाडला, त्याला शिकू द्या, त्याच्या हातून देवाचं मोठं काम व्हायचंय. ते जसंच्या तसं घडलं असेल नसेल, पण घरातल्या एका बाईनं "त्याला शिकू द्या" म्हटलं हे मला फार जवळचं वाटतं, माझ्यासाठी माझ्या आत्यानं म्हटलं होतं म्हणून.

आणि एक राहिलं, दाखल्याचं. पाम्प्लोनाच्या त्या जागेसाठी त्याला आपण कुलीन घराण्यातले आहोत हे सरकारी कागदावर सिद्ध करायचं होतं. १५३१ ला त्यानं पॅरिसहून त्यासाठी कागद केले. नवारातली चौकशी, साक्षीदार, आजोबा-पणजोबांपर्यंतची वंशावळ, आपल्याकडे जातपडताळणीला फिरावं लागतं तसंच. पाच वर्षं लागली. ४ ऑगस्ट १५३६ ला पाम्प्लोनात निकाल लागला, होय, हा चारी बाजूंनी कुलीन. तोवर १५ ऑगस्ट १५३४ ला पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर इग्नेशियससह सात जणांनी दारिद्र्याची शपथ घेऊन दोन वर्षं होत आली होती, आणि सातांत हा होता. नोव्हेंबर १५३६ ला ते पॅरिसहून व्हेनिसला पायी निघाले.

हॉस्टेल_बी_बारा

तो दाखला मग त्यानं कधी वापरला?

निर्मळची_लेक

नाही. त्या जागेसाठी तो कधी गेलाच नाही.

गणिताचा_मास्तर

शिक्षक म्हणून माझ्याकडून एक भर. इब्रोकाठी यांनी ज्या १५४४ च्या पत्राचा उल्लेख केला त्याच पत्रात पुढे तो लिहितो की मला कितीदा वाटतं युरोपातल्या विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसला, तिथल्या सोरबॉन या धर्मशास्त्राच्या कॉलेजात जाऊन वेड लागलेल्या माणसासारखं ओरडावं, की तुमच्याकडे विद्या आहे पण ती कुणाच्या उपयोगी पाडायची इच्छा नाही. हे लिहिणारा माणूस तिथला एम.ए. आहे आणि तिथंच ॲरिस्टॉटल शिकवून आलेला आहे. मी निवृत्त झालो त्या दिवशी मला यातलं थोडं ओरडावंसं वाटलं होतं.

आणि तुतिकोरीनहून १५४२ ला लिहिलेलं, की पोरं मला प्रार्थना म्हणू देत नाहीत, जेवू देत नाहीत, झोपू देत नाहीत, आधी आम्हाला शिकव म्हणतात. तमिळ येत नव्हती, दुभाष्यांकडून प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, पाठ केल्या आणि मग पोरांकडून म्हणवून घेतल्या. एम.ए. झालेला माणूस छत्तिसाव्या वर्षी पहिलीतल्या मुलासारखा घोकायला बसला.

इब्रोकाठी

ताई, मार्चमध्ये परत झेवियरला जाणार आहे, या वेळी चालत, सांग्वेसापासून. शेवटचे आठ किलोमीटर. तुमच्या मुलासाठी काही आणू का तिकडून?

निर्मळची_लेक

दादा, खूप आभार. त्याला विचारलं. त्यानं गढीचं चित्र काढून ठेवलंय वहीत, बुरूज अर्धाच काढलाय, वर रेघ मारून सोडून दिलाय. तो म्हणतो बुरूज कुठपर्यंत पाडला होता ते दगडांवरून कळतं का ते बघून सांगा. जुने दगड आणि नवे दगड वेगळे दिसतात का. जमलं तर एक फोटो, खालून वर बघत काढलेला.